उलटसुलट धवला

करंजाडे, पनवेल
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय भावनाताई,

नमस्कार. तुम्ही, वरदराव आणि आभा तिघंही बरे आहात असं धरून चालते, कारण विचारायला दुसरा मार्ग नाही. आम्ही इकडे आहोत तसे आहोत.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी अंकिता, तुमच्या निकेशची बायको. आपण एकदाच समोरासमोर आलो, बाबा गेले तेव्हा. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसून होतात, उतरला नाहीत, आणि काय बोलावं ते न सुचून मी विचारलं, चहा घेणार का? मयताच्या घरून धावत येऊन चहा विचारणारी ती येडी मीच. तुम्ही नाही म्हणालात आणि रिक्षा वळवलीत. त्यानंतर मी कितीदा तरी तुम्हाला मनातल्या मनात काहीतरी शहाण्यासारखं विचारलं आहे.

निकेशच्या फोनवरून तुमचा फोन लागत नाही. माझ्या फोनवरून लागतो पण तुम्ही उचलत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला बसले की माझं मीच पुसून टाकते. म्हणून कागद घेतला. पत्ता आभाकडून मिळवला, तिला ओरडू नका. निकेशला या पत्राचं माहीत नाही.

बातम्या आधी देते. विचुंब्याचं घर बिल्डरला दिलं. तिथे सात मजली इमारत होणार, त्यात आपल्याला वरचे फ्लॅट. तोवर आम्ही इथे करंजाड्यात भाड्यानं राहतो. चौथा मजला, लिफ्ट आहे, पण ती तिच्या मर्जीनं चालते. खिडकीतून विमानतळाचं काम दिसतं आणि धूळ तर घरातच येते. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आहे. का घेतली ते पुढे लिहिते. आधी पेटीचं सांगते, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

बाबांची पेटी तुम्हाला आठवत असणारच. पांढऱ्या कपाटासारखी, वर पट्ट्या, दादरच्या स्टुडिओत बाबा नोकरीला होते तिथून आणलेली. निकेश म्हणतो, लहानपणी तुम्ही तिच्यावर बासरी वाजवायचात आणि तो मत्सरानं वायर उपटायचा. ती पेटी इतकी वर्षं गोठ्यात गोणपाटाखाली होती. घर रिकामं करताना हमालांनी हात लावला आणि उचलेचना. निकेशनं घाईघाईत आतली चौकट बाहेर काढायला लावली, म्हणे हलकी होईल. चौकट ओट्याच्या पायरीवर आपटली आणि आतल्या सगळ्या फिती सुटून पडल्या. त्या मी तांदळाच्या पिशवीत भरून पेटीबरोबर इथे आणल्या. माझ्या हाताला टाकवेनात, एवढंच कारण.

पनवेलच्या बाजारात मुनाफभाईंचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं ना, त्यांची मुलगी अरीबा आता साउंड इंजिनिअर आहे. तिला मी फोटो पाठवले तर ती त्याच दिवशी स्कूटर घेऊन हजर. पेटी बघून म्हणाली, “काकी, हे तुम्ही गोठ्यात ठेवलं होतं? या अल्ला.” मग चहा तिथेच निवत ठेवून तिनं मला या पेट्यांची सगळी कुळकथा सांगितली.

मला समजली तशी लिहिते. या पेटीला मेलोट्रॉन म्हणतात. तिच्यात सूर तयार होत नाहीत. कोणीतरी खरी बासरी, खरं व्हायोलिन एकेका सुरात वाजवून टेप केलेलं असतं, आणि प्रत्येक पट्टीखाली त्या त्या सुराची फीत. पट्टी दाबली की फीत पुढे ओढली जाते, सोडली की स्प्रिंगनं मागे. आठेक सेकंदांत फीत संपते, मग तुम्ही पट्टी कितीही दाबून धरा, पुढे काही नाही. ही कल्पना मुळात अमेरिकेतल्या एका माणसाची. त्याच्या पेट्या विकणाऱ्यानं त्यातल्या दोन उचलून इंग्लंडला नेल्या आणि तिथल्या एका कारखान्यातल्या भावांना दाखवल्या. कोणाच्या आहेत ते सांगितलंच नाही. त्या भावांना वाटलं कल्पना याचीच, आणि त्यांनी त्यावरून हा मेलोट्रॉन केला. मग मूळ मालकाला कळलं, भांडण झालं, तडजोड झाली. तिकडे खऱ्या वादकांच्या संघटनेनं वेगळीच बोंब मारली, की हे यंत्र आमच्या नावानं वाजणार आणि आम्ही घरी बसणार. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले आणि या पेट्या अडगळीत गेल्या. आता पुन्हा शौकीन लोक शोधत फिरतात. मी अरीबाला विचारलं, म्हणजे मूळ कोण आणि नक्कल कोण? ती म्हणाली, “काकी, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?” मला त्या वेळी ते पटलं होतं. आता पटत नाही, आणि पटत नाही असंही म्हणवत नाही.

बघा, मी आईंचं लिहायचं टाळते आहे.

गणपतीच्या आधी आईंना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हाय आणि नाय, एवढे दोन शब्द राहिले, तेही कधी उलटे यायचे. पाणी हवं का विचारलं की “नाय” म्हणायच्या आणि ग्लास ओढून घ्यायच्या. तुम्हाला कळवायला हवं होतं. निकेश म्हणाला, थोडी सुधारू दे मग सांगू, या अवस्थेत तिला कशाला. तिला म्हणजे कोणाला, तुम्हाला की आईंना, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. दिवस गेले. माझी रजा त्यासाठी आहे.

अरीबानं फिती साफ करून परत बसवल्या. कुठली कुठे ते तिलाही ठाऊक नव्हतं. म्हणाली, सूर ऐकून नंतर लावू. आईंना मी त्याच खोलीत खुर्चीवर बसवलं होतं, उगाच करमणूक म्हणून. अरीबानं बटण दाबलं, आत मोटर घरघरली, आणि तिनं एक पट्टी दाबली.

ताई, बासरी नव्हती. आई होत्या.

आईंचा आवाज, आजाराच्या खूप आधीचा, मांडवाच्या पार टोकापर्यंत जायचा तो. लग्न लावताना गातात त्या धवल्याची एक अख्खी ओळ, एका श्वासात, आणि खट्. फीत संपली. दुसऱ्या पट्टीवर दुसरी ओळ. तिसरीवर तिसरी. बाबांनी बासरी पुसून तिच्या जागी अख्खा धवला भरून ठेवला होता. अरीबा हसायला लागली, म्हणाली, एका पट्टीला एक सूर असतो काकी, तुमच्या सासऱ्यांनी एका पट्टीला एक ओळ लावली. वाजवायचं यंत्र त्यांनी लग्न लावायचं यंत्र केलं. पण बाबांनी त्या स्टुडिओत उमर घालवली, त्यांना हे माहीत नसेल का? घरात बसून त्यांनी हे केलं कसं तेही अरीबाला उलगडत नाही. मला एवढंच समजतं की आईंचा एक श्वास आणि त्या फितीची लांबी यांचं माप जुळलं.

आणि सगळं उलटसुलट झालेलं. पहिल्या पट्टीवर «निघाली नवरी, ओटी भरा गो सयांनो», आणि तिच्या शेजारी «जात्याला सुपारी बांधली, हलदीचा दलन काढला गो». म्हणजे आमच्या पेटीत नवरी आधी सासरी जाते आणि मग तिला हळद लागते. अरीबाला काही पत्ता नव्हता, ती आपली ओळीनं दाबत चालली होती. मी पण गंमत म्हणून ऐकत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. “नाय! पयली हलद!”

आई खुर्चीच्या हातावर डावा हात आपटत होत्या. तोंड लालबुंद. महिनोन् महिने डॉक्टर, स्पीच थेरपिस्ट, चित्रांची कार्डं, आणि बाईंना वाचा फुटली ती चुकीचं लग्न लागताना बघून! एवढ्यावर थांबल्या नाहीत. पेटीतली ओळ खट् करून तुटली, तशी पुढची ओळ त्या स्वतः म्हणाल्या. आवाज फाटलेला, पण शब्द सगळे. अरीबा रडायला लागली आणि मी तिच्यावर ओरडले की दाब ना, थांबतेस काय.

मग रोज दुपारी हाच उद्योग. मी मुद्दाम चुकीची पट्टी दाबायची, आईंनी चिडायचं आणि बरोबर ओळ म्हणायची. हळूहळू धवल्याबाहेरचे शब्दही यायला लागले. पानी. च्या. बस. डॉक्टर म्हणाले, गाण्याची वाट मेंदूत कधी कधी शाबूत राहते, चालू द्या. तुम्ही बारा वर्षांच्या असल्यापासून आईंच्या मागे बसून धवले म्हणायचात असं गावात अजून सांगतात. तुम्ही असतात तर एका बैठकीत क्रम लावला असतात. मी परकी, उरणच्या बाजूची, आमच्याकडचे वेगळे. मी चाचपडतच होते.

सगळ्या पट्ट्या वाजवून व्हायला वेळ लागला, कारण आईंना एका वेळी चार-पाच ओळी झेपायच्या. अगदी कडेच्या एका पट्टीवर गाणं नाहीच. बाबा आईंशी बोलतात. “तिकडं सह्या झाल्या असतील पोरीच्या. आता तरी तोंड उघड, वेणू.” मग थोडी खरखर, आणि खट्.

मी ती पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा दाबली. मग तिच्या शेजारची दाबली. «पाटावर बसली भावनाबाय, कपाली चंदन लावा गो.»

नवरीचं नाव घालून गातात, ते तुम्हाला मी काय सांगणार.

ताई, साऱ्या तालुक्याची लग्नं लावणारी धवलारीण पोटच्या पोरीच्या लग्नाला आली नाही, “नवरा आपल्यातला नाय, मी नाय गानार” म्हणाली, हे मी या घरात आले तेव्हापासून ऐकत आले. तुम्ही पनवेलच्या रजिस्टर ऑफिसात सह्या केल्यात तेव्हा तुमच्या बाजूनं कोणी नव्हतं, हेही. आणि त्याच दिवशी आई घरात बसून तुमचा अख्खा धवला गायल्या, हळदीपासून पाठवणीपर्यंत, एकेका श्वासाला थांबत. बाबांनी तो तुम्हाला का पाठवला नाही? आईंनी का नाही सांगितलं? गायल्या तर मग आल्या का नाहीत, तीन किलोमीटरवर तर होतं! मी बाबांवर चिडले, आईंवर चिडले, आणि मग मेलेल्या आणि आजारी माणसावर चिडते म्हणून स्वतःवर. निकेशला ऐकवलं. तो शेवटपर्यंत ऐकून गॅलरीत जाऊन उभा राहिला. तेव्हापासून तो त्या खोलीत जात नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. इथवर तीन कागद झाले, आता आणखी किती टाळणार.

नावाची पट्टी वाजली तेव्हा आईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “भावना.” मी म्हटलं, नाही आये, मी अंकिता. त्यांचा चेहरा पडला. त्यानंतर त्या बोलायच्याच थांबल्या. पेटी लावली तरी नाही, मुद्दाम चुकवलं तरी नाही. जेवण तोंडातून बाहेर. डॉक्टर म्हणाले, होतं असं. पण मला माहीत होतं काय झालं होतं. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघून “भावना?” म्हटलं. विचारल्यासारखं. आणि मी “ओ” दिली.

फक्त एक ओ. मला वाटलं, एवढ्यानं जेवतील. जेवल्या. मग दुसऱ्या दिवशीही दिली. मग मला सवय झाली. ताई, खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. सून म्हणून त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही, पण माझ्याशी बोलताना त्यांच्या आवाजात कामाचंच असायचं. भावना म्हणून हाक मारताना आवाज वेगळा होता. तो माझा नव्हता हे कळत होतं, तरी मी घेत राहिले.

आणि संक्रांतीच्या दिवशी, मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला तेव्हा, त्यांनी माझं मनगट धरलं. त्या बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुमचं आहे. “भावना, तुज्या लग्नाला मी नाय आली. घरान गायली. तुला आयकायला नाय आला. मी चुकली गो. रागावली हायस?”

एवढं लांब वाक्य त्या झटक्यानंतर एकदाही बोलल्या नव्हत्या.

मी काय करायला हवं होतं? थांबा आये, मी तुम्हाला खऱ्या भावनाला फोन लावून देते, असं म्हणायला हवं होतं. आता सुचतं. तेव्हा मनगट त्यांच्या हातात होतं आणि त्या वाट बघत होत्या. मी म्हटलं, “नाही आये. नाही रागावले मी.” त्या म्हणाल्या, नायच्या जागी हाय आलं, “हाय ना? बरा झाला.” आणि तिळगूळ खाल्ला.

मी तुमच्या नावानं माफ करून टाकलं, ताई. तुम्ही करणार होतात की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला करायचंच नसेल तर तोही तुमचाच हक्क होता. मी कोण मध्ये?

त्या दिवसापासून आई शांत आहेत. आणि घाबरवणारी गोष्ट ही की पेटी मागत नाहीत. काल मी लावली तर हातानं खूण केली, बंद कर. चुकीची ओळ वाजली तरी चिडल्या नाहीत. मला भावना म्हणतात ते आता अगदी साधं म्हणतात, “भावना, डालीला मीठ नाय,” असं. इतकी वर्षं मनात धरलेलं त्यांनी खाली ठेवलं, आणि ते मी उचललं. निकेश म्हणतो, तिला बरं वाटतंय ना, मग राहू दे. मी म्हटलं, आणि ताईंना? तो म्हणाला, “तिला कळणारच नाही.” त्याचा आवाज कापत होता, त्यामुळे मला त्याचा रागही धड आला नाही.

तर आता तुम्हाला कळलं.

अरीबानं सगळ्या फिती पेनड्राइव्हवर उतरवून दिल्यात, कारण प्रत्येक वेळी वाजवताना फीत झिजते म्हणाली. मी तो पेनड्राइव्ह या पाकिटात घालणार होते. घातला, आणि काढून घेतला. लबाडी म्हणा. मला भीती वाटते की तो मिळाला की तुम्ही नाशकात बसून ऐकाल, रडाल, आणि इकडे याल असं नाही. हवा असेल तर नुसता निरोप करा, मी दुसऱ्या दिवशी कुरिअर करीन, अडवून ठेवणार नाही. पण मला वाटतं तुम्ही यावं.

आलात तर काय होईल ते खोटं सांगणार नाही. आई तुम्हाला ओळखतीलच असं नाही. तुम्ही दारात उभ्या राहाल आणि त्या मला विचारतील, “भावना, ही कोन आली गो?” हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मग मी काय बोलू? मी अंकिता म्हटलं तर त्या पुन्हा गप्प होतील का? आणि नाही म्हटलं तर तुम्ही कोण व्हाल तुमच्याच आईसमोर? मी खूप विचार केला आणि मला काहीच सुचलेलं नाही. सगळं व्यवस्थित ठरवून मग तुम्हाला लिहायचं असं मनात होतं, पण तसं कधी ठरेल असं वाटत नाही, आणि डॉक्टर म्हणतात दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

एवढं मात्र करीन. तुम्ही आलात की मी आईंच्या शेजारची खुर्ची सोडून स्वयंपाकघरात जाईन. चहा टाकीन. या वेळी नाही म्हणू नका. त्यांनी भावना अशी हाक मारली तर मी आतून ओ देणार नाही. कितीही वेळ लागला, त्या कितीही गप्प राहिल्या, तरी देणार नाही. ती तुम्ही द्या, किंवा देऊ नका. आणि त्या मला म्हणाल्या ते तुम्हाला म्हणाल्या असं समजून जे खरं उत्तर असेल ते त्यांना द्या. रागावला असाल तर रागावले म्हणा. माझं उत्तर मी परत घेते.

तुम्हा तिघांना नमस्कार. आभाला माझा आशीर्वाद सांगा.

तुमची जागा अडवून बसलेली,
तुमची भावजय
अंकिता